तळापासून

अपेंडिक्स फुटलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी
वरची कातडी शिवलीच नाही.
"उघडी राहू द्या," म्हणाल्या, "आत घाण अडकायला नको."
आणि मी, वीस वर्षं पाचवीला भूगोल शिकवणारी बाई,
उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
स्वतःच्या पोटाकडे न बघता
भिंतीवरच्या पालीकडे बघत पडून राहिले.

ड्रेसिंगला मैनोद्दीन मामू.
आधी कोपरापर्यंत हात धुणार, मग ग्लोव्हज,
मग जुनी पट्टी सलाईननं भिजवत बसणार.
"वढायची न्हाई, मॅडम. भिजली की ती आपल्याआप सोडती."
ती सोडेपर्यंत मला
त्यांच्या धाकटीची मोडलेली सोयरीक
आणि मोंढ्यातला तुरीचा भाव
दोन्ही तोंडपाठ झाले.

"मामू, बंद कधी होणार?"
"वरून आधी बंद व्हती ती जखम लबाड असती.
तळापासून भरू द्या.
दाणे दिसायलेत बघा, लाल, डाळिंबाचे असत्यात तसे.
आत काम चालू हाय."

डाळिंब म्हणाले म्हणून मान उचलली.

मला वाटलं होतं, काळ्या रानातली भेग दिसेल,
दर उन्हाळ्यात फळ्यावर काढते ती.
पण भेगेला पाणी मिळालं की ती सगळं विसरते.
हे ओलं होतं, ऊन होतं,
आणि विसरणाऱ्यातलं दिसत नव्हतं.

घरी आले तर शिवकांताबाई हळदीची वाटी घेऊन दारात.
"जखमेत भर. वांगं बंद, दही बंद,
अंड्याचं तर नावच नको, पू होतो."
मामूंनी सांगितलेलं : रोज दोन अंडी, घट्ट वरण,
जखमेला स्वच्छ पाण्याशिवाय काही नाही.
मी त्यांची हळद वरणात घातली.
अंडी प्राजूनं खिडक्या लावून उकडली.

सातव्या आठवड्यात खाज.
रात्री दोन वाजता अशी, की उशी चावावी.
सकाळी फोन केला.
"खाज सुटायली? म्हंजी भरायली.
नख लावू नका. वरून थोपटा, लेकराला निजवल्यावानी."
प्राजू पोटात असताना थोपटायचे
तिथंच थोपटलं,
चार बोटं खाली.

मग खोबरेल. एक बोट, गोल गोल,
सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा.
ऊन लागू द्यायचं नाही, कळशी उचलायची नाही.
पहिले काही दिवस बोट चोरासारखं जायचं.
डाव्या कडेचा एक पट्टा अजून बधिर आहे :
बोटाला पोट कळतं,
पोटाला बोट कळत नाही.
घरात असं एक माणूस असतंच.

प्राजूनं कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं.
साडेअकरा सेंटीमीटर. वहीत लिहिलं, तारखेसकट.
रंगाच्या रकान्यात : वांगी.
पुढच्या पानावर : विटकरी.
परवा दहा पूर्णांक आठ भरलं.
"आई, कमी झालं!"
कमी नाही गं, आवळलं.
मोठ्यानं हसले की अजून ओढ बसते,
म्हणून हसणं सोडलं नाही,
पोटावर हात ठेवून हसते, एवढंच.

मामू मार्चअखेर रिटायर झाले.
दवाखान्याच्या पोर्चमध्ये हार, पेढे, भिंतीवरचं घड्याळ.
नमस्काराला त्यांनी हात जोडले
तेव्हा ग्लोव्हजशिवायचा हात मला पहिल्यांदा दिसला.
(धुताना दिसला असता. पण तेव्हा मी पालीकडे बघत होते.)
उजव्या मनगटापासून कातडी चकचकीत, आखडलेली,
करंगळी कायमची आत वळलेली.

"हे कधीचं, मामू?"

"ल्हानपणीचं. चुलीचं.
तवा कुणी पट्टी केली न्हाई."

तेवढंच बोलले,
आणि घड्याळाचं खोकं
या हातातून त्या हातात घेतलं.